रकाना क्रमांक ९

पुढच्या वर्षी ज्यांना एमएस्सीचा प्रकल्प खगोलशास्त्रात करायचा आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे, असं म्हणायचं. खरं कारण वेगळं आहे. माझा राग अजून गेलेला नाही. प्रकल्प झाला, तोंडी परीक्षा बरी गेली, गुण मिळाले. तरी परवा कपाट आवरताना प्रकल्प नोंदणीच्या त्या अर्जाची झेरॉक्स हाती लागली आणि पुन्हा डोकं तापलं. पहिल्याच पानावर लाल पेनाने शेरा आहे: ‘त्रुटी – रकाना क्र. ९ रिक्त. पूर्तता करून पुन्हा सादर करावे.’

रकाना क्रमांक ९ असा होता: ‘वापरावयाचे उपकरण, ते ठेवलेल्या प्रयोगशाळेचा पत्ता आणि उपकरण प्रमुखांची सही व शिक्का.’

माझं उपकरण म्हणजे जेम्स वेब अवकाश दुर्बीण. २५ डिसेंबर २०२१ ला फ्रेंच गयानातल्या कुरूहून उडाली, आणि आता पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या उलट बाजूला आहे. पत्ता काय लिहू?

माझी ओळख थोडक्यात. हिंजवडीत नऊ वर्षं सॉफ्टवेअरची नोकरी केली, चौतिसाव्या वर्षी सोडली आणि शहरातल्या एका जुन्या कॉलेजात एमएस्सी फिजिक्सला प्रवेश घेतला. वर्गातली मुलं मला ताई म्हणायची, कॉलेजच्या ऑफिसातले मॅडम. हे सांगते अशासाठी, की मला पायथन येत होतं आणि ऑफिसातला कागद हलवता येत नव्हता. तुमचं उलटं असेल तर यातला बराच भाग तुम्हाला उलटा लागू पडेल.

आकाशाचं वेड जुनं. शाळेत असताना आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेत दुसऱ्या शनिवारी होणाऱ्या व्याख्यानांना बाबा स्कूटरवरून न्यायचे. चंद्रशेखर सभागृहात मागच्या रांगेत बसायचं, निम्मं कळायचं, निम्म्याचा घरी येऊन आईपुढे रुबाब करायचा. त्याच खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखरांच्या नावाची ‘चंद्रा’ ही क्ष-किरण दुर्बीण १९९९ पासून अवकाशात आहे, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. ती पुढे माझ्या प्रकल्पात येणार होती.

तर प्रकल्प. वेबची पहिली चित्रं १२ जुलै २०२२ ला जाहीर झाली, आणि नंतरच्या खोल आकाशाच्या चित्रांत जिकडेतिकडे बारीक, गोल, तांबडे ठिपके दिसू लागले. त्यांचा बहुतेक प्रकाश आधीच्या हबल दुर्बिणीच्या नजरेपलीकडच्या अवरक्त पट्ट्यात येतो, म्हणून आधी ते कुणाच्या डोळ्यांत भरलेच नव्हते. योरित माथे आणि सहकाऱ्यांच्या २०२४ मधल्या निबंधापासून ‘लिटल रेड डॉट्स’ हे नाव त्यांना चिकटलं ते चिकटलंच. भानगड अशी आहे की हा सगळा प्रकाश ताऱ्यांचा मानला, तर विश्व जेमतेम शंभर-दीडशे कोटी वर्षांचं असताना एवढ्याशा जागेत इतके तारे जमले कुठून, हा प्रश्न येतो. मधोमध कृष्णविवर मानलं, तर ते क्ष-किरणांत का दिसत नाही, हा प्रश्न येतो. वर्णपटातली, म्हणजे प्रकाश रंगांत फोडल्यावर मिळणाऱ्या पट्ट्यातली, हायड्रोजनची रेषा मात्र रुंद असते. वायू सेकंदाला हजार-दोन हजार किलोमीटरच्या वेगाने धावतो आहे, याची ती खूण. एवढ्या वेगाने वायू गरगरवायला मध्ये काहीतरी भलतंच जड आणि अतिशय आटोपशीर हवं. कृष्णविवराभोवती दाट वायूचं जाड पांघरूण आहे आणि क्ष-किरण त्यातच अडकतात, असं आता बरेच जण मानतात. पण वाद मिटलेला नाही.

मी त्यातले १४ ठिपके घेतले. सगळे आकाशाच्या एकाच तुकड्यातले आणि सगळ्यांचे वर्णपट सार्वजनिक. हायड्रोजनची एच-अल्फा रेषा मोजायची, तिची खरी रुंदी काढायची आणि त्याच जागी ‘चंद्रा’ दुर्बिणीला काही दिसलं आहे का ते पाहायचं. नवा शोध वगैरे काही नाही, एमएस्सीचा प्रकल्प आहे.

डेटा मिळवायला काही लागत नाही. लोकांना वाटतं नासाकडून परवानगी लागते, कुणीतरी ओळखीचं लागतं. अजिबात नाही. बाल्टिमोरच्या संस्थेचं ‘मास्ट’ नावाचं भांडार आहे. सार्वजनिक डेटा तिथून खातंसुद्धा न उघडता उतरवता येतो. एखाद्या गटाने दुर्बिणीचा वेळ मिळवला की साधारण १२ महिने तो डेटा त्यांच्यापुरता राखीव असतो, नंतर सगळ्यांना खुला. मोठ्या सर्वेक्षणांपैकी काहींनी तर एक दिवसही राखून ठेवलेला नाही. मी एका रात्री जेवण झाल्यावर बसले, साडेअकराला चौदाच्या चौदा वर्णपट लॅपटॉपवर होते. पहिला आलेख काढला तेव्हा ४.०७ मायक्रॉन तरंगलांबीवर एक उंच सुळका आणि ३.१ च्या आसपास जोडसुळके, एक दुसऱ्याच्या तिप्पट. ते ऑक्सिजनचे. हे तिप्पट प्रमाण ठरलेलंच असतं, त्यामुळे ते दिसलं की रेषा ओळखल्याची खात्री पटते. हिशेब केला, ताम्रसृती (विश्व पसरल्याने प्रकाश किती ताणला गेला त्याचं माप) ५.२. म्हणजे विश्व सुमारे ११० कोटी वर्षांचं असताना निघालेला प्रकाश धनकवडीतल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर, शेजारी दह्याची वाटी तशीच पडलेली. त्या रात्री झोप आली नाही.

आता अर्ज.

आमच्या विभागात खगोलशास्त्राचं कुणी नाही. सगळं थिन फिल्मचं काम. माझे मार्गदर्शक सर भले माणूस. पहिल्याच दिवशी म्हणाले, “यातलं मला काही येत नाही. बाहेरचा सहमार्गदर्शक आण, मी सही करतो.” विद्यापीठाच्या आवारातल्या एका संशोधन संस्थेत काम करणाऱ्या मॅडमना मेल केला. तीन दिवसांत होकार आला, फक्त कॉलेजचं रीतसर पत्र हवं म्हणाल्या. रास्त मागणी. ते पत्र मिळण्यासाठी ऑफिसात ‘बाह्य प्रकल्प नोंदणी अर्ज’ भरायचा. ११ ऑगस्ट २०२५, सोमवार. खिडकी ११ ते १. मी पावणेअकराला रांगेत.

ऑफिसातले भाऊसाहेब वाईट नव्हते. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल बरंच वाईट लिहिणार आहे. त्यांनी अर्ज वरून खाली वाचला, नवव्या रकान्यावर पेन टेकवलं आणि विचारलं, “हे रिकामं का?”

“उपकरण अवकाशात आहे.”

“म्हणजे कुठल्या डिपार्टमेंटला?”

मी हसले. ती माझी पहिली चूक. त्यांनी चेष्टा केली नव्हती, आणि मी चेष्टा केली असं त्यांना वाटलं. लाल पेन तिथेच उघडलं.

दुसऱ्या दिवशी रकान्यात लिहून नेलं: ‘जेम्स वेब अवकाश दुर्बीण (सार्वजनिक डेटा), सही लागू नाही.’ शेरा आला: ‘लागू नाही असे अर्जदार ठरवू शकत नाही.’ हे वाक्य मी नंतर वहीच्या मलपृष्ठावर लिहून ठेवलं, कारण वाक्य म्हणून ते निर्दोष आहे.

तिसऱ्या खेपेला मी भांडाराच्या डेटा वापराच्या धोरणाचं पान छापून नेलं. त्यात एवढंच असतं की डेटा वापरा आणि निबंधात आमचा उल्लेख करा. भाऊसाहेबांनी कागद उलटून पाहिला. “यावर सही नाही, शिक्का नाही. हे कुणीही छापेल.” त्यात चूक काहीच नव्हती. मीच घरी छापलं होतं.

मग त्यांना आणखी एक शंका आली, आणि इथून प्रकरण माझ्या हातातून गेलं. “परदेशी संस्था आहे ना? मग सामंजस्य करार लागेल. तो असेल तर जावक क्रमांक द्या, नसेल तर प्राचार्यांची टिप्पणी घ्या.” टिप्पणीसाठी फाइल वर गेली. वर म्हणजे जिना चढून डावीकडे. साहेब मीटिंगला होते, मग परीक्षेच्या कामाला होते, मग गणपती आले. २७ ऑगस्टपासून ६ सप्टेंबरपर्यंत पेठांमध्ये कुणाचा कागद हलतो का? मांडवांमुळे माझी गाडी कॉलेजपर्यंत पोचत नव्हती. गाडी नदीपात्रातल्या रस्त्यावर लावून चालत यायचे आणि ‘सोमवारी बघू’ ऐकून परत जायचे.

विसर्जनानंतर फाइल खाली आली. टिप्पणी होती: ‘नियमानुसार कार्यवाही करावी.’

नियम कुठे आहे, म्हणून मी विचारलं. भाऊसाहेबांनी खणातून एक पिवळं पडलेलं परिपत्रक काढलं, आणि तेव्हा पहिल्यांदा मला त्या रकान्याचा जन्म कळला. काही वर्षांपूर्वी रसायनशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासायला दिले होते. तोंडी सांगून. नंतर बिल कॉलेजच्या नावावर आलं, ऑडिटमध्ये आक्षेप निघाला आणि स्पष्टीकरण द्यायला उभं राहावं लागलं ते भाऊसाहेबांना. त्यानंतर अर्जात नववा रकाना आला. हे ऐकून माझा राग निवायला हवा होता. निवला नाही. मला एवढंच दिसलं, की त्या मुलाच्या बिलाची वसुली माझ्याकडून चालली आहे.

“पण याचं बिल येणारच नाही हो,” मी म्हटलं. “फुकट आहे.”

“फुकट?” त्यांनी चष्मा काढला. “एवढी महाग दुर्बीण आणि फुकट? मॅडम, मग तर नीटच बघायला पाहिजे.”

एक प्रश्न मला त्या दिवसांत सारखा पडायचा, म्हणून मधेच लिहिते. त्याच दुर्बिणीचा वेळ मागायचा अर्ज कसा असतो ते मी हौसेने वाचलं होतं. जगातला कुणीही अर्ज करू शकतो. चौथ्या फेरीत २,३०० हून जास्त अर्ज आले, उपलब्ध वेळेच्या सुमारे नऊपट मागणी. आणि तपासणाऱ्यांना अर्जदाराचं नाव, संस्था, देश काही कळू द्यायचं नाही असा दंडक. मजकुरातून ओळख पटेल असं लिहिलंत तर अर्ज अडचणीत येतो. इकडे माझ्या अर्जात नाव, वडिलांचं नाव, जात प्रवर्ग, आधार क्रमांक, मागच्या परीक्षेचा बैठक क्रमांक, एवढ्यासाठी आठ रकाने. काय करणार आहात, याला एक ओळ.

आणि झडपांचं. वेबवरच्या निअरस्पेक या यंत्रात सुमारे अडीच लाख बारीक झडपा आहेत. हव्या त्या दीर्घिकेसमोरच्या (गॅलक्सीसमोरच्या) झडपा उघडायच्या, बाकीच्या मिटायच्या. एका दमात शंभराहून जास्त दीर्घिकांचे वर्णपट मिळतात. त्यातल्या काही कायमच्या बंद पडल्या आहेत, काही उघड्या अडकल्या आहेत. शास्त्रज्ञ त्यांची यादी ठेवतात आणि त्या टाळून आखणी करतात. आमच्या ऑफिसला खिडकी एकच, टाळून जाणार कुठे?

वेळेचाही हिशेब मांडला होता, रिकामपण दुसरं काय. ‘चंद्रा’ दुर्बिणीने माझ्या ठिपक्यांच्या आकाशतुकड्याकडे मिळून ७० लाख सेकंद टक लावून पाहिलं आहे. ते झाले सुमारे ८१ दिवस. क्ष-किरणांत त्याहून खोल पाहिलेला आकाशाचा तुकडा नाही. माझा कागद त्या टेबलावर एकूण ४६ दिवस होता. तोही पुष्कळ खोल गेला होता.

सुटका केली ती लॅबमधल्या काकांनी. काका प्रयोगशाळा सहायक, निवृत्तीला आठ महिने राहिलेले, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मी संगणक कक्षात डोकं धरून बसले होते. त्यांनी विचारलं, मी सगळं सांगितलं, रकान्याच्या शब्दांसकट. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“मॅडम, तुम्ही काम कशावर करणार?”

“कॉम्प्युटरवर.”

“मग उपकरण म्हणजे कॉम्प्युटरच की.”

उठले, खिडकीजवळच्या संगणकाचं खोकं टेबलाखालून पुढे ओढलं. बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर रंगवलेला, अर्धा धुळीत. काकांनी फडक्याने पुसला, कपाटातून डेडस्टॉक रजिस्टर काढलं आणि पान काढून बोट ठेवलं. नंबर जुळला. “हा लिहा. पत्ता आपला विभाग. उपकरण प्रमुख म्हणजे विभागप्रमुख, ते वरच बसलेत.”

विभागप्रमुखांनी सही केली, शिक्का मारला. चार मिनिटं. २५ सप्टेंबरला अर्ज पुन्हा खिडकीत गेला. भाऊसाहेबांनी नववा रकाना वाचला, नंबरावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “आता कसं! हे पहिल्याच दिवशी लिहिलं असतं तर?”

मी काही बोलले नाही. बोलले असते तर पत्र दसऱ्यानंतर मिळालं असतं. २६ तारखेला, नवरात्राच्या गर्दीत, पत्र हातात आलं. विषयाच्या ओळीत ‘अतिदूरच्या दीर्घिकांमधील कृष्णविवरांचा अभ्यास’ असं हवं होतं. टंकलेखनात ‘अतिदूरच्या दीर्घ टीकांमधील कृष्णविवरांचा अभ्यास’ झालं होतं. दुरुस्तीला परत दिलं नाही. सहमार्गदर्शक मॅडमनी ते पत्र वाचलं, काही क्षण थांबल्या आणि म्हणाल्या, “हे जास्त बरोबर आहे.”

यावरून निघणारे सल्ले सुचतील तसे लिहिते. अर्जाच्या प्रत्येक पानाची झेरॉक्स ठेवा, शेऱ्यासकट. आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पहिले दहा दिवस माझ्याकडे तो नव्हता, त्यामुळे कागद त्यांच्याकडे आहे हेच मला सिद्ध करता येत नव्हतं. खिडकीवर हसू नका. अर्ज गणपतीच्या आधी निदान महिनाभर टाका. आणि विभागात काका असतील तर सगळ्यात आधी त्यांच्याकडे जा, मार्गदर्शकांच्याही आधी.

आता शास्त्राकडे. पत्र मिळाल्यावर सगळं सुरळीत झालं असं वाटेल. एक आपटी खाल्ली, तीही मोठी, आणि तिचं खापर ऑफिसवर फोडता येत नाही.

४६ दिवसांत मी हात बांधून बसले नव्हते. चौदाही ठिपक्यांच्या रेषा मोजून ठेवल्या होत्या, आणि त्यातले नऊ रुंद रेषेचे निघाले होते. नऊ कृष्णविवरं! मॅडमना पहिल्या भेटीत तक्ता दाखवला. त्यांनी एका ओळीवर पेन्सिल ठेवली. रुंदी सेकंदाला १,६०० किलोमीटर.

“हा वर्णपट प्रिझमचा आहे ना? यंत्राची स्वतःची रुंदी काढलीस?”

नव्हती काढली. नऊ वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढूनही नाही. प्रकार असा, की निअरस्पेकचा प्रिझम एका दमात सगळा पट्टा दाखवतो, पण जाडाभरडा. ४ मायक्रॉनच्या आसपास त्याची विभेदनक्षमता, म्हणजे जवळजवळच्या तरंगलांब्या वेगळ्या ओळखण्याची ताकद, साधारण २००. प्रकाशाचा वेग भागिले २०० म्हणजे १,५०० किलोमीटर. सुईसारखी बारीक रेषासुद्धा त्यात १,५०० इतकी जाड दिसणार. ही रुंदी साधी वजा होत नाही, वर्गांची वजाबाकी करून मूळ काढायचं. १,६०० चे झाले ५६०. कृष्णविवर गेलं, एक साधी तारे घडवणारी दीर्घिका उरली. संध्याकाळपर्यंत नवातले सात असेच गेले.

खरंतर हिशेब याहून थोडा नाजूक आहे. ठिपका झडपेच्या रुंदीपेक्षा लहान असेल तर विभेदन छापील आकड्याहून बरं मिळतं, आणि हे ठिपके तर इतके लहान, की बरेचसे वेबलाही नुसते बिंदूच दिसतात. म्हणून प्रिझमवर विसंबू नका. त्याच ठिपक्याचा मध्यम जाळीचा (प्रिझमपेक्षा बारीक फोड करणाऱ्या ग्रेटिंगचा) वर्णपट आहे का ते आधी बघा. तिथे विभेदनक्षमता साधारण १,०००, यंत्राची रुंदी ३०० च्या घरात. माझ्या उरलेल्या दोनांपैकी एकाचा तसा वर्णपट होता. मोजलेली रुंदी २,१००, यंत्राची काढल्यावर २,०८०. काही फरक पडला नाही. ५.२ वरचाच तो, पहिल्या रात्रीचा, दह्याच्या वाटीशेजारचा. त्याच्या रेषेचा आलेख अजून माझ्या फोनच्या पडद्यावर आहे: वर अरुंद टोक, खाली दोन्हीकडे पसरलेला घेर, दिवाळीतल्या भुईनळ्यासारखा. टोक दीर्घिकेतल्या निवांत वायूचं, घेर कृष्णविवराजवळ धावणाऱ्या वायूचा.

‘चंद्रा’ दुर्बिणीच्या चित्रात त्याच जागी काय होतं? काही नाही. ८१ दिवसांच्या टकीनंतरही नुसता गोंगाट. बहुतेक लाल ठिपक्यांच्या बाबतीत असंच होतं, हे मी वाचलं होतं, पण स्वतः वर्तुळ काढून त्यातले फोटॉन मोजणं वेगळं. काही न दिसणं हाही निष्कर्ष असतो, तो अहवालात कसा लिहायचा हे मॅडमनी शिकवलं. ‘आढळले नाही’ असं न लिहिता ‘यापेक्षा तेजस्वी असते तर आढळले असते’ असं लिहायचं, आणि तो ‘यापेक्षा’ आकड्यात द्यायचा.

आणखी दोन गोष्टी आठवल्या. या माझे आठ दिवस घेऊन गेल्या. एच-अल्फाची तरंगलांबी पाठ्यपुस्तकात ६५६२.८ अँगस्ट्रॉम असते, ती हवेतली. अवकाशात हवा नाही, वेबचे वर्णपट निर्वातातल्या तरंगलांबीत असतात, तिथे ६५६४.६ धरायची. फरक चिमूटभर, पण वेगात तो सेकंदाला सुमारे ८० किलोमीटर होतो, आणि ऑक्सिजनची तरंगलांबी निर्वातातली नि हायड्रोजनची हवेतली धरली, तर ऑक्सिजनची रेषा एक ताम्रसृती सांगते नि हायड्रोजनची दुसरी. दुसरी गोष्ट, या ठिपक्यांच्या वर्णपटाचा प्रसिद्ध इंग्रजी व्ही-आकार, निळ्याकडून उतरत येणारा आणि ३६४५ अँगस्ट्रॉमच्या आसपास वळून तांबड्याकडे चढणारा. मला तो दिसेचना. कारण माझ्या फायलीतला प्रकाश मायक्रोजान्स्कीत, म्हणजे वारंवारितेच्या हिशेबात होता. तरंगलांबीच्या हिशेबात आणायला तरंगलांबीच्या वर्गाने भागावं लागतं. भागल्याबरोबर वळण दिसलं. एकक आधी वाचा, आलेख नंतर काढा.

हो, आणि चौदातला एक तर दीर्घिकाच नव्हती. आपल्याच आकाशगंगेतला थंड तपकिरी बटुतारा, म्हणजे तारा होता होता राहिलेला गोळा. रंगाने तोही लाल, आकाराने तोही ठिपका. वर्णपटात मिथेन आणि पाण्याच्या वाफेचे खड्डे दिसल्यावर लक्षात आलं. १,२७० कोटी वर्षांचा प्रवास करून आलेला प्रकाश म्हणून ज्याच्याकडे मी दोन महिने कौतुकाने पाहत होते, तो निघाला शेजारी.

नोव्हेंबरात एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्र संस्थेतल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांच्या ‘अलकनंदा’ची बातमी सगळीकडे आली. वेबच्याच डेटात सापडलेली, विश्व दीडशे कोटी वर्षांचं असतानाची देखणी सर्पिल दीर्घिका. काम पुण्यातलं, विद्यापीठाच्या आवारातलं. त्या आठवड्यात बोनाफाइडसाठी खिडकीवर गेले, तर भाऊसाहेबांनी खणातून कात्रण काढून पुढे केलं. कडा नीट कात्रीने कापलेल्या.

“मॅडम, ही तुमचीच दुर्बीण ना?”

“हो.”

“मग असं सांगायचं ना तेव्हा!”

कात्रण मला देऊन टाकलं. बोनाफाइड पंधरा मिनिटांत मिळालं, इतर दिवशी दोन दिवस लागतात. मला आनंद व्हायला हवा होता. मी जिन्यात थांबून ४६ दिवसांचा हिशेब पुन्हा केला.

एक कबुली राहिली. सगळं काम मी घरच्या लॅपटॉपवर केलं, आणि रकाना क्रमांक ९ मध्ये विभागप्रमुखांच्या सहीने लिहिलं आहे की ते खिडकीजवळच्या संगणकावर होईल. मन खात होतं. म्हणून जानेवारीतल्या एका शनिवारी त्या संगणकावर बसले. सुरू व्हायला अकरा मिनिटं लागली. अहवालातली आकृती ७, तो भुईनळा, तिथेच पुन्हा काढली. पंखा इतका घरघरत होता की काका दोनदा डोकावून गेले.

काका आता निवृत्त झालेत. ऑफिसात नवीन अर्ज छापून आलेत, पाहिले मी, नववा रकाना जसाच्या तसा आहे. रजिस्टर कपाटात असतं आणि किल्ली कुणाकडे असते ते अजून ठरलेलं नाही. म्हणून खिडकीजवळच्या टेबलाचा खण ओढल्यावर आत दिसते त्या डाव्या बाजूला त्या संगणकाचा नंबर पेन्सिलीने लिहून ठेवला आहे.